मानेतील नळी आणि मज्जातंतू

गावातून जिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्णाला घेऊन येणारी मंडळी बहुधा ठरलेली असतात. घरातील एक कर्ता माणूस, एखादा शेजारी आणि पुष्कळदा ग्रामपंचायतीचा सदस्य किंवा शाळेतील गुरुजी. रुग्ण अतिदक्षता विभागात गेला की ही मंडळी बाहेरच्या बाकावर बसून राहतात. थोड्या वेळाने एक कागद पुढे येतो. ‘मानेत नळी टाकावी लागेल, येथे सही करा,’ असे सांगण्यात येते. कागद निवांतपणे वाचण्याची ती वेळ नसते. त्यातून तो इंग्रजीत असला तर वाचण्याचा प्रश्नच उरत नाही. सही होते, नळी बसते, औषधे सुरू होतात आणि अनेक रुग्णांच्या बाबतीत तीच नळी प्राण वाचविणारी ठरते.

क्वचित मात्र असे होते की, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत आत गेलेल्या पत्नीला पतीच्या चेहऱ्यात काही फरक जाणवतो. उजव्या डोळ्याची पापणी किंचित उतरलेली दिसते. आवाज घोगरा वाटतो. किंवा पाण्याचा पेला धरताना हाताची पकड सैल पडते. दुखण्याने थकवा आला असेल, असे म्हणून ती गप्प राहते. डॉक्टरांचे लक्ष रक्तदाब, मूत्रपिंड आणि श्वास यांवर खिळलेले असते. त्यांनी रुग्णाचा चेहरा आजारापूर्वी कधी पाहिलेला नसतो. हा फरक सर्वांत आधी घरच्या माणसालाच कळू शकतो आणि त्याने तो बोलून दाखविला नाही, तर पुढचे कित्येक दिवस तो कोणाच्याच ध्यानात येत नाही. या लेखाचा विषय हाच आहे.

नळी कशासाठी?

हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिनीला नीला म्हणतात आणि हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीला रोहिणी. हातावरच्या बारीक शिरेत सुई टोचून सलाईन देणे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु काही औषधे इतकी तीव्र असतात की, ती बारीक शिरेतून बाहेर झिरपल्यास तेथील कातडी काळी पडून झडते. रक्तदाब सावरून धरणारे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे औषध या प्रकारचे आहे. डायलिसिस करावयाचे असेल, तर दर मिनिटाला काही शे मिलिलिटर रक्त बाहेर काढून पुन्हा आत सोडावे लागते. हातावरच्या शिरेला तो प्रवाह झेपत नाही. अशा वेळी मानेतील, गळपट्टीच्या हाडाखालील किंवा जांघेतील मोठ्या नीलेत नळी घालतात. मान किंवा छातीच्या वाटेने घातलेल्या नळीचे टोक हृदयाच्या अगदी जवळच्या महानीलेत ठेवतात. तेथे रक्ताचा ओघ मोठा असल्याने तीव्र औषध क्षणात पातळ होऊन जाते. रुग्णालयात या नळीला सर्रास ‘सेंट्रल लाईन’ म्हणतात. औषधासाठीची नळी सुमारे सव्वादोन मिलिमीटर जाडीची असते. डायलिसिसची नळी त्याहून बरीच जाड, सुमारे चार मिलिमीटरची असते.

या उपचाराचा आरंभ एका धाडसातून झाला. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथील रुग्णालयात वेर्नर फोर्समान या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांबीची नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. वरिष्ठांची नाराजी त्याला सोसावी लागली. १९५६ साली नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी ठरला. १९५२ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक ओबानियाक यांनी गळपट्टीच्या हाडाखालील नीलेचा मार्ग दाखविला. १९५३ मध्ये स्वीडनचे सेल्डिंगर यांनी आजही वापरात असलेली युक्ती काढली: प्रथम सुई, सुईतून बारीक तार, मग सुई काढून तारेवरून वाट रुंद करणारी जाड नळी आणि शेवटी कायमची नळी. पद्धत सोपी वाटते. पण सुई ज्या प्रदेशातून जाते, तो प्रदेश फार दाटीचा आहे.

मानेतील दाटी

शाळेतील शरीररचनेच्या तक्त्यावर मान हा डोके व धड यांना जोडणारा साधा दांडा दिसतो. प्रत्यक्षात तेथे एका बोटाच्या रुंदीत रुग्णाचा श्वास, आवाज, हात आणि डोळा यांचे धागे शेजारी शेजारी जातात. मानेतील मोठी नीला आणि मेंदूला रक्त पुरविणारी रोहिणी एकाच आवरणात असतात. या दोहोंच्या मध्ये, किंचित मागच्या बाजूला, ‘व्हेगस’ नावाचा मज्जातंतू असतो; स्वरयंत्राकडे जाणाऱ्या मज्जातंतूची शाखा त्यापासूनच निघते. आवरणाच्या मागे स्वायत्त मज्जासंस्थेची साखळी असते. तिच्यावर पापणी, बाहुली आणि चेहऱ्याचा घाम अवलंबून आहे. नीलेच्या मागे मानेच्या एका स्नायूवरून ‘फ्रेनिक’ मज्जातंतू खाली उतरतो आणि श्वासपटल हलवितो. त्याच स्नायूच्या मागील फटीतून हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे बाहेर पडते.

सुई नीलेत जाण्याऐवजी तिच्या पलीकडे गेली, तर यांपैकी एखाद्या धाग्याला ती लागू शकते. मात्र सुईचा प्रत्यक्ष घाव हेच एक कारण नव्हे. चुकून रोहिणीला छिद्र पडले, तर आजूबाजूस रक्त साकळून गाठ होते आणि ती गाठ मज्जातंतूला दाबते. जागा बधिर करण्यासाठी टोचलेले औषध पसरूनही मज्जातंतू काही तास निपचित होतो. नळीच्या टोकातून तीव्र औषध बाहेर झिरपणे, नीलेत रक्त गोठणे, जागा पिकणे, तसेच नळी घालताना मान फार वळवून किंवा हात ताणून ठेवणे ही आणखी कारणे होत. कारण कोणते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. कारण यांतील काहींवर तातडीने उपाय करता येतो.

पापणी उतरते तेव्हा

स्वायत्त साखळीला इजा झाली म्हणजे त्याच बाजूच्या डोळ्यात तीन बदल होतात. वरची पापणी एक-दोन मिलिमीटर खाली येते, बाहुली लहान होते आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम येत नाही. झुरिच येथील नेत्रवैद्य योहान फ्रिड्रिख होर्नर यांनी १८६९ साली एका रुग्णात हा लक्षणसमूह वर्णन केला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्या काळी मानेत नळी घालण्याची कल्पनाही कोणाला नव्हती.

या लक्षणाची गंमत अशी की, डोळ्याला त्यापासून फारसा उपद्रव नसतो. दृष्टी शाबूत राहते. म्हणूनच ते दुर्लक्षिले जाते. लख्ख उजेडात दोन्ही बाहुल्या लहान असल्याने फरक नीट दिसत नाही. खोलीतील प्रकाश कमी केला, की निरोगी बाहुली मोठी होते, बाधित बाहुली लहानच राहते आणि फरक उघड होतो. अतिदक्षता विभागात दोन बाहुल्यांत फरक दिसला की, मेंदूत रक्तस्राव झाला काय, अशी शंका प्रथम येते आणि ती येणे योग्यच आहे. परंतु मेंदूवरील दाबामुळे बाहुली मोठी होते व उजेडाला प्रतिसाद देत नाही. येथे लहान झालेली बाहुली दोषी असते आणि उजेडाला प्रतिसाद देते. मानेत नळी आहे, ती त्याच बाजूला आहे, एवढी माहिती तपासणाऱ्यापुढे असली तर पुढील तपासाची दिशा बदलते.

तरीही ‘काही नाही, जाईल आपोआप’ असे म्हणून हा विषय मिटविता येत नाही. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीच्या अस्तराला चीर पडली, तरी हीच लक्षणे दिसतात आणि पुढे अर्धांगवायूचा धोका राहतो. उतरलेल्या पापणीबरोबर मान किंवा चेहरा एका बाजूने दुखत असेल, तर ते त्याच दिवशी, त्याच तासाला सांगावयास हवे.

आवाज, उचकी आणि श्वास

स्वरयंत्राच्या मज्जातंतूला बाधा झाली की आवाज घोगरा होतो किंवा हवा निसटल्यासारखा फुसफुसता येतो. पाणी पिताना ठसका लागतो. यांतील ठसका अधिक महत्त्वाचा. कारण पाणी किंवा अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याची भीती असते. असा ठसका लागू लागला, तर आग्रहाने पेज-पाणी पाजणे थांबवून परिचारिकेला सांगावे. कृत्रिम श्वासाची नळी घशातून नुकतीच काढलेली असेल, तर तिच्यामुळेही आवाज काही दिवस बसतो. या दोन कारणांतील फरक कान-नाक-घसा तज्ज्ञ स्वरयंत्र पाहून ठरवितात.

फ्रेनिक मज्जातंतूचे प्रकरण अधिक फसवे आहे. तो नुसता डिवचला गेला तर उचकी लागते. तो बंद पडला, तर श्वासपटलाचा त्या बाजूचा अर्धा भाग हलेनासा होतो. धडधाकट तरुणाला याचा पत्ताही लागत नाही. परंतु जुना दमा, क्षयाने खराब झालेले फुप्फुस किंवा स्थूलपणा असलेल्या रुग्णाला दम लागतो आणि आडवे पडले की तो वाढतो. क्ष-किरण चित्रात श्वासपटलाची एक बाजू वर सरकलेली दिसते. सोनोग्राफीत तिची हालचाल थांबलेली दिसते. कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरील एखादा रुग्ण इतर सर्व बाबतीत सुधारतो, पण यंत्र काढले की पुन्हा थकतो. अशा वेळी मानेतील नळीची आणि फ्रेनिक मज्जातंतूची आठवण होणे आवश्यक आहे.

हात दुबळा होतो तेव्हा

कष्टकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत जड जाणारी इजा हाताच्या मज्जातंतूंची होय. ऊस तोडणाऱ्या, यंत्रमाग चालविणाऱ्या किंवा फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचा उजवा हात गेला तर त्याचे घर बसते. आणि नळी तर बहुधा उजव्या बाजूलाच घालतात, कारण त्या बाजूची नीला हृदयाकडे सरळ उतरते.

जाळ्याचा वरचा भाग दुखावला, तर दंड बाजूला उचलता येत नाही व कोपर वाकविताना त्रास होतो. खालचा भाग दुखावला, तर मूठ सैल पडते आणि करंगळीकडील बाजू बधिर होते. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला सुई लागताक्षणी खांद्यापासून बोटांपर्यंत विजेचा झटका बसल्यासारखी कळ जाते. ही कळ म्हणजे शरीराने दिलेली सूचना होय. सुई मागे घेतली तर बहुतेकदा नुकसान टळते. आपल्याकडील रुग्ण मात्र डॉक्टरांसमोर हूं की चूं न करता सोसतो. ओरडलो तर डॉक्टर रागावतील, असे त्याला वाटते. तेव्हा ‘हातात कळ आली तर लगेच सांगा, हलू नका,’ असे नळी घालणाऱ्याने आधीच सांगून ठेवणे हा या उपचारातील सर्वांत स्वस्त बचाव आहे.

बेशुद्ध किंवा गुंगीतील रुग्ण अर्थातच काही सांगू शकत नाही. तो आठ-दहा दिवसांनी शुद्धीवर येतो, तेव्हा हात उचलत नाही आणि सर्वजण म्हणतात की, आजाराने अशक्तपणा आला. गंभीर आजारानंतर अशक्तपणा येतो, हे खरे. पण तो दोन्ही बाजूंना सारखा असतो. दोन्ही हात, दोन्ही पाय. एकच हात दुबळा असेल आणि नळी त्याच बाजूच्या मानेत होती, असे असेल, तर तो केवळ आजाराचा अशक्तपणा मानून घरी पाठविणे चुकीचे ठरेल. एकाच बाजूचा हात व पाय दोन्ही दुबळे असतील, तर मात्र प्रथम मेंदूचा विचार करावा लागतो.

दुबळेपणा वाढत चालला आहे काय, हा यापुढचा प्रश्न. नळी घातल्यानंतर काही तासांनी मानेवर सूज येऊ लागली आणि हाताची शक्ती कमी कमी होत गेली, तर साकळलेल्या रक्ताचा दाब असण्याचा संभव असतो. तो दाब वेळेवर काढला, तर मज्जातंतू सावरतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या आणि डायलिसिसवरील रुग्णांत हा धोका अधिक असतो.

मज्जातंतू किती भरून येतो, याचा अंदाज इंग्लंडचे शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली केलेल्या वर्गीकरणावरून आजही बांधला जातो. पहिल्या प्रकारात तंतू शाबूत असतो, केवळ त्यातून संदेश जाणे थांबते; तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होतो. दुसऱ्या प्रकारात आतील धागा तुटतो, पण बाहेरचे वेष्टण टिकून राहते. त्या वेष्टणातून नवा धागा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. तिसऱ्या प्रकारात सारेच तुटते आणि शस्त्रक्रियेवाचून उपाय राहत नाही. नळीमुळे झालेल्या बहुतांश इजा पहिल्या दोन प्रकारांतील असतात. परंतु दिवसाला एक मिलिमीटर म्हणजे काय, याचा हिशेब शिक्षकांनी फळ्यावर करून पाहावा. मानेपासून हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर साठ-सत्तर सेंटिमीटर धरले, तर दीड ते दोन वर्षे झाली. तेवढ्या काळात काम न मिळालेले स्नायू वाळतात आणि सांधे आखडतात. मज्जातंतू पोहोचला तरी उचलायला स्नायू उरत नाही. म्हणून भौतिकोपचार पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करावे लागतात: खांदा, कोपर, मनगट व बोटे दुसऱ्याने दररोज हलवून देणे, हात झोळीत आधाराने ठेवणे आणि बधिर भागाला चूल, गरम भांडे किंवा विडी यांचा चटका लागू न देणे. मज्जातंतूतील विद्युत्प्रवाहाची तपासणी साधारण तीन आठवड्यांनंतर केल्यास अधिक उपयोगी पडते. त्याआधीच्या अहवालावरून निष्कर्ष काढता येत नाही. तीन-चार महिन्यांत काहीच सुधारणा दिसली नाही, तर मज्जातंतूंच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे जाण्यास आणखी विलंब करू नये.

जांघेतील नळीसंबंधी थोडक्यात सांगता येईल. तेथे आतल्या बाजूस नीला, मध्ये रोहिणी आणि बाहेरच्या बाजूस मज्जातंतू असतो. रक्त साकळून तो दाबला गेला, तर मांडीचा पुढचा भाग बधिर होतो आणि गुडघा ताठ करता येत नाही. पायऱ्या उतरताना पाय दुमडतो. दंडातून घातल्या जाणाऱ्या लांब नळीमुळे अंगठा व त्याजवळच्या बोटांना मुंग्या येऊ शकतात, कारण तेथील रोहिणीला लागूनच हाताचा एक मुख्य मज्जातंतू जातो.

टाळता काय येते?

या इजा विरळ आहेत. नळी घालताना होणाऱ्या सर्व प्रकारच्या यांत्रिक गुंतागुंती धरल्या, म्हणजे रोहिणीला छिद्र पडणे, रक्त साकळणे, फुप्फुसाला सुई लागणे इत्यादी, तर त्यांचे प्रमाण ५ ते १९ टक्के असल्याचे अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नमूद आहे. मज्जातंतूंचा वाटा त्यात अगदी थोडा. याच आढाव्यातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. तीन किंवा अधिक वेळा सुई टोचावी लागली, तर यांत्रिक गुंतागुंतीचे प्रमाण एकाच प्रयत्नात नळी बसण्याच्या तुलनेत सहापट होते. म्हणूनच एका डॉक्टरचे दोन-तीन प्रयत्न फसले की त्याने हात थांबवून अधिक अनुभवी सहकाऱ्यास, बहुधा भूलतज्ज्ञास, बोलवावे असा दंडक आहे. यात कमीपणा कसला? अवघड बाळंतपणात दाईने डॉक्टरला बोलावणे जसे शहाणपणाचे, तसेच हे.

दुसरा बचाव सोनोग्राफीचा. पूर्वी डॉक्टर मानेवरील खुणा बोटांनी चाचपून, नीला कोठे असावी याचा अंदाज बांधून सुई घालीत. सोनोग्राफीच्या पडद्यावर नीला, रोहिणी आणि सुईचे टोक प्रत्यक्ष दिसते. ब्रिटनमधील राष्ट्रीय संस्थेने २००२ सालीच मानेतील नळीसाठी या पद्धतीची शिफारस केली. आपल्याकडे या यंत्राचा आणखी एक पैलू आहे. १९९४ च्या गर्भलिंग निदानविषयक कायद्याखाली सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक असून अतिदक्षता विभागातील यंत्रही त्यातून सुटत नाही. हा कायदा आवश्यकच आहे; मुलींच्या जीविताचा तो प्रश्न आहे. पण त्यामुळेच, अतिदक्षता विभागासाठी मागितलेल्या यंत्राचा प्रस्ताव एखाद्या टेबलावर महिनोन्महिने पडून राहिला, तर त्याची किंमत कोणाच्या मानेला मोजावी लागते, हे नोंदणीचे काम पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रुग्ण कल्याण समितीवर बसणाऱ्या लोकप्रतिनिधींनीही रंगरंगोटी आणि बाकांच्या खरेदीबरोबर या यंत्राची चौकशी करावी; ते आहे काय, चालू आहे काय आणि कपाटात कुलूपबंद तर नाही ना?

डायलिसिसच्या रुग्णांसाठी तिसरा बचाव म्हणजे नळीच टाळणे. मूत्रपिंडाचा आजार वाढत आहे, हे आधी कळलेले असते तेव्हा हातातील रोहिणी व नीला छोट्या शस्त्रक्रियेने जोडून ‘फिस्तुला’ तयार करतात. तो वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. २०१६ पासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून ही सोय वाढली आहे. तरीही पुष्कळ रुग्ण अखेरच्या अवस्थेत धापा टाकीत येतात आणि मग मानेतील नळीवाचून गत्यंतर राहत नाही.

संमती आणि नोंद

१६ जानेवारी २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीची व्याप्ती स्पष्ट केली आहे. उपचाराचे स्वरूप, त्याचा लाभ, पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास होणारा परिणाम हे रुग्णाला कळेल अशा रीतीने सांगणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मात्र दूरान्वयाने संभवणारा प्रत्येक धोका सांगणे आवश्यक नाही, असेही त्यात म्हटले आहे. मज्जातंतूंची इजा विरळ असल्याने ती नळी घालण्यापूर्वी सांगितली जाईलच, असे नाही. आणि जीव धोक्यात असताना पापणीची चर्चा करीत बसावे, अशी अपेक्षा कोणी करूही नये. पण नळी घातल्यानंतर, धावपळ ओसरल्यावर, ‘डोळा, आवाज, हात, श्वास यांत एका बाजूला फरक दिसला तर सांगा,’ असे नातेवाइकांना मराठीत सांगण्यास दोन मिनिटे पुरतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इजा झाली म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असे नव्हे. कुशल हातांनी, सोनोग्राफीच्या साहाय्याने घातलेल्या नळीतही ती होऊ शकते. मानेची ठेवण प्रत्येकात थोडी वेगळी असते. दोष शोधण्याच्या भीतीने डॉक्टर लक्षण लपवू लागले आणि संतापाच्या भरात नातेवाईक विभागात घुसू लागले, तर त्यात हानी रुग्णाचीच. उलट, लक्षण कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी प्रथम दिसले, नळी कोणत्या बाजूला होती, किती प्रयत्न झाले आणि त्यापूर्वी हात नीट चालत होता काय, याची नोंद कागदावर असेल, तर उपचार करणाऱ्या पुढील तज्ज्ञाला त्याचा मोठाच उपयोग होतो. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत म्हटले आहे. घरी जाताना केवळ औषधांची चिठ्ठी न घेता नळीचा उल्लेख असलेला सारांश मागून घ्यावा.

नळी काढताना

नळी निघाली म्हणजे सारे संपले, असे सर्वांनाच वाटते. परंतु मेंदूला पोहोचू शकणारा एक धोका नेमका याच वेळी असतो. बसलेल्या माणसाच्या मानेतील नीलेत श्वास आत घेताना दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. अशा वेळी नळी ओढली, तर राहिलेल्या वाटेतून हवा आत शोषली जाते. साधारणतः चौघांपैकी एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात जन्मापासूनचे बारीक छिद्र पुरते बुजलेले नसते. त्यातून ही हवा मेंदूकडे गेल्यास झटके येणे, शुद्ध हरपणे किंवा अर्धे अंग लुळे पडणे असे प्रकार काही क्षणांत घडतात. नळीचे बूच सैल राहिल्यासही हेच होऊ शकते. म्हणून रुग्णाला उठवून बसविताना किंवा कूस बदलताना नातेवाइकांनी नळीची टोके ओढू नयेत वा उघडू नयेत.

नळीतून औषध सोडताच कानात गुळगुळ आवाज येतो, असे एखादा रुग्ण सांगतो. तो भ्रम समजू नये. गळपट्टीच्या हाडाखालून घातलेल्या नळीचे टोक खाली हृदयाकडे जाण्याऐवजी वर मानेच्या नीलेत गेले, म्हणजे असा आवाज येतो. क्ष-किरण चित्र काढून टोकाची जागा पाहणे हाच त्यावरील मार्ग.

मानेतील किंवा छातीवरील नळी काढताना रुग्णाला उताणे झोपवून डोके किंचित खाली करतात. त्याला श्वास सोडावयास किंवा रोखून धरावयास सांगून त्याच क्षणी नळी बाहेर ओढतात. छिद्रावर किमान पाच मिनिटे बोटांनी दाब देतात आणि हवा शिरणार नाही अशी पट्टी लावतात. ती पट्टी निदान एक दिवस हलवू नये. त्यानंतर अर्धा तास रुग्णाने पडूनच राहावयाचे असते. घरी जाण्याच्या घाईत नातेवाईक त्याला याच वेळी उठवून सदरा घालू लागतात. तो अर्धा तास परिचारिकेने त्यांना थांबवून ठेवावा.